मोठ्यांनी वाचावी अशी मुलांची भूतकथा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या रविवार पुरवणीत वाचनीय पुस्तकांच्या याद्या येतात. त्यात मोठ्यांची यादी वेगळी असते आणि किशोरांची वेगळी. किशोरांच्या यादीतली पुस्तके पालक हौसेने विकत घेतात, मुलांच्या हाती देतात आणि स्वतः मात्र क्वचितच उघडून पाहतात. त्या दुसऱ्या यादीतली एक मालिका पहिल्या यादीत यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची ‘लॉकवुड अँड कंपनी’ ही पाच कादंबऱ्यांची मालिका २०१३ ते २०१७ या काळात किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली. ती भुतांची आहे, रात्री दिवा मालवताना हात थांबावा इतकी भीतिदायक आहे, आणि ती सर्वाधिक लागू पडते ती चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला, असे माझे मत आहे.

मुलांसाठीची पुस्तके मोठ्यांनी वाचण्यात काही कमीपणा आहे, ही समजूत आपल्याकडे पूर्वी एवढी घट्ट नव्हती. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली, पण ती घरातल्या आजोबांनीही वाचली आणि तेही रडले. घरी ‘चांदोबा’चा अंक आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे वाद होत. इंग्लंडमध्ये प्रकाशकांना यावर वेगळाच तोडगा काढावा लागला. हॅरी पॉटरची पुस्तके मोठी माणसे आगगाडीत बसून वाचू लागली, तेव्हा त्यांना संकोच वाटू नये म्हणून तीच पुस्तके गंभीर मुखपृष्ठांसह पुन्हा छापण्यात आली. आत एक अक्षरही बदललेले नव्हते. चर्चगेटच्या लोकलमध्ये हातात किशोर कादंबरी धरून बसलेल्या मध्यमवयीन माणसाला शेजारचा प्रवासी ज्या नजरेने पाहतो, ती लक्षात घेता अशा मुखपृष्ठांची गरज आपल्यालाही आहे. तरीही मी वाचकांना ती नजर सोसण्याचीच विनंती करीन.

कथेचे जग आधी थोडक्यात सांगते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मृतांचे आत्मे रात्री परतू लागले आणि पाहता पाहता सारा देश त्यांनी व्यापला. लोक या संकटाला ‘द प्रॉब्लेम’ एवढेच म्हणतात. भुताचा स्पर्श झालेल्या माणसाचे अंग निळे पडते आणि सुजते. वेळेवर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले नाही तर तो दगावतो. त्यामुळे सूर्य मावळण्याआधी सगळे घर गाठतात, रस्त्यांवर भुतांना दूर ठेवणारे दिवे लागतात, दारांवर लोखंड टांगलेले असते, आणि ज्यांना परवडते ते घरासमोरून वाहत्या पाण्याचा पाट खेळवतात. मात्र ही भुते प्रौढांना दिसत नाहीत आणि त्यांचे आवाजही प्रौढांना ऐकू येत नाहीत. ती दिसण्याची, ऐकू येण्याची शक्ती फक्त मुलांत असते आणि वय वाढत जाते तशी ती विझत जाते. म्हणून भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या एजन्सी मुलांना नोकरीवर ठेवतात. पातळ पात्याच्या तलवारी, लोखंडी साखळ्या, मीठ आणि मॅग्नेशियमचे पेटते गोळे घेऊन ही मुले रात्री पछाडलेल्या घरांत शिरतात. त्यांच्यावर देखरेख करणारे प्रौढ एकेकाळी असेच काम केलेले आणि आता काहीही न दिसणारे असतात. फिट्स आणि रॉटवेल या दोन बलाढ्य एजन्सींच्या छायेत, एकही प्रौढ देखरेखीला नसलेली एक चिमुकली एजन्सी लंडनच्या पोर्टलंड रो या रस्त्यावरील पस्तीस क्रमांकाच्या घरात चालते. अँथनी लॉकवुड, जॉर्ज कबिन्स आणि लूसी कार्लाइल ही तीन मुले तिचा सगळा डोलारा सांभाळतात. कथा लूसी सांगते.

या रचनेत प्रौढ वाचकाची जागा कोणती, हा प्रश्न मला पहिल्या पन्नास पानांतच पडला. किशोर वाचक लूसीच्या जागी उभा राहतो. तिला जे दिसते ते त्यालाही दिसते, आणि या शक्तीचा त्याला अभिमान वाटतो. आपण मात्र त्या घराबाहेर, फाटकापाशी, घड्याळाकडे पाहत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या रांगेत असतो. आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, पण आत जायला आपणच सांगितलेले असते. साहसकथेत प्रौढ बहुधा अडथळा म्हणून तरी येतात, नाहीतर लेखक त्यांना सोयीने दूर पाठवतो. येथे प्रौढ सर्वत्र आहेत आणि सर्वत्र निरुपयोगी आहेत, तरीही नियम, पगार, परवाने आणि चौकश्या त्यांच्याच हातात आहेत.

पहिल्या भागातील एक प्रकरण यासाठीच वाचावे असे मी सुचवीन. त्याने रहस्य उघड होत नाही, कारण ते लूसीच्या लंडनला येण्यापूर्वीचे आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गावात, गरीब घरात ती वाढते. तिच्या कानांत असलेली शक्ती लक्षात येताच आई तिला जेकब्स नावाच्या स्थानिक गृहस्थाच्या एजन्सीत कामाला लावते आणि तिची कमाई घरी येऊ लागते. एका रात्री जेकब्स एजन्सीतल्या मुलांना एका जुन्या गिरणीत पाठवतो. येथे काहीतरी फार वाईट आहे, असे लूसीला जाणवते आणि ती तसे सांगतेही, पण तो ऐकत नाही. तो स्वतः बाहेर थांबतो. आत जे घडायचे ते घडत असताना तो भीतीने गोठलेला असतो. आत धावत नाही आणि मुलांना बाहेरही बोलावत नाही. लूसी बचावते, तिचे सोबती बचावत नाहीत. पुढे चौकशी होते आणि त्या चौकशीत कोणालाही दोषी धरले जात नाही. लेखकाने हे सगळे मोजक्या पानांत, आवाज न चढवता सांगितले आहे. जेकब्सला त्याने राक्षस केलेले नाही. थकलेला, घाबरलेला, आपल्या अनुभवावर विसंबणारा तो एक मध्यमवयीन माणूस आहे, आणि म्हणूनच ते प्रकरण वाचताना मला पुस्तक काही वेळ बाजूला ठेवावे लागले.

मुंबईच्या वाचकाला तर ही गोष्ट परक्या देशातली वाटूच नये. आपल्या शहराची श्रीमंती ज्या कापड गिरण्यांवर उभी राहिली, त्यांत मुले राबत होती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाकडून नऊ तास काम करून घेणे त्या काळी कायद्याला मान्य होते, एवढाच याचा अर्थ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीचा आग्रह धरला, आणि पुढे १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय सातावरून नऊवर नेले. ही मुले त्या काळातल्या सज्जन मुंबईकरांना दिसत नव्हती असे नाही. पहाटेच्या भोंग्याबरोबर रस्त्याने जाणाऱ्या लहान पावलांचा आवाज सगळ्यांच्या कानांवर येत असणार. स्ट्राउड यांच्या लंडनमध्येही नेमके हेच आहे. मुले मरतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या शौर्याच्या बातम्या छापून येतात, मोठ्या एजन्सींचे संस्थापक राष्ट्रपुरुषांच्या मानाला पोहोचतात, लोखंडाचा, मिठाचा आणि लव्हेंडरचा व्यापार भरभराटीला येतो आणि सकाळी दुकाने नेहमीप्रमाणे उघडतात. संकटाला तोंड देता देता समाज त्याच संकटावर पोट भरू लागतो, हा या मालिकेचा कणा आहे. पंधरा वर्षांच्या वाचकाला तो कथेच्या ओघात जाणवेल. पगार, कर्जाचे हप्ते आणि वरिष्ठांच्या सह्या यांत आयुष्य गेलेल्या वाचकाला तो पानोपानी टोचेल.

यात भर म्हणून एक गोष्ट नमूद करते. ही पुस्तके करोनाच्या आधीची आहेत, पण मार्च २०२० नंतरची मुंबई ज्यांनी पाहिली आहे, लोकल बंद झालेल्या आणि संध्याकाळी ओस पडलेल्या दादरमधून जे गेले आहेत, त्यांना संचारबंदीतले ते लंडन फार ओळखीचे वाटेल. त्या दिवसांत रात्री बाहेर कोण होते आणि खिडक्या लावून आत कोण बसले होते, हेही त्यांना आठवेल.

आता भीतीबद्दल. भूतकथेची शिफारस करताना ती खरोखर घाबरवते का, हे सांगणे भाग आहे. घाबरवते, आणि रक्ताचा सडा न घालता घाबरवते. भूत जवळ असल्याच्या चार खुणा या जगात मानल्या जातात: अंगात शिरणारी थंडी, कुजकट वास, मनावर दाटून येणारी निराशा आणि सावकाश वर चढत जाणारे भय. लेखक या चार खुणा इतक्या शिस्तीने आणि इतक्या वेगवेगळ्या क्रमाने वापरतो की थर्मामीटरवरचा पारा दोन अंश उतरला, एवढे वाक्य वाचूनही श्वास रोखला जातो. लूसीची शक्ती प्रामुख्याने ऐकण्याची असल्याने भीती बहुतेक वेळा आवाजातून येते. जिन्यावर एक पायरी वाजते, भिंतीमागे कोणीतरी कुजबुजते, रिकाम्या खोलीत दोरीला ताण बसल्यासारखा बारीक आवाज होतो. भूत प्रत्यक्ष दिसते तेव्हा निम्मे काम आधीच झालेले असते.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत परिचयाची आहे. धारपांच्या कथांत अमानवी शक्तीला नियम असतात, तिच्याशी लढण्याची शास्त्रासारखी रीत असते आणि त्या नियमांमुळेच भीती खरी वाटते. मतकरींच्या गूढकथांत भय येते ते साध्या, मध्यमवर्गीय घरातून, रोजच्या माणसांच्या मनातून. स्ट्राउड यांच्याकडे या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. शिवाय मतकरींनी एका हाताने बालनाट्य चळवळ उभी केली, चेटकिणीवर लहान मुलांना खदखदून हसायला लावले, आणि दुसऱ्या हाताने मोठ्यांची झोप उडवणाऱ्या कथा लिहिल्या. मुलांसाठी लिहिणारा लेखक मोठ्यांना काय सांगणार, असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाने २०२० मध्ये आपल्याला सोडून गेलेल्या या लेखकाचे काम एकदा आठवून पाहावे. लोखंड आणि मीठ यांचेही तेच. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवणाऱ्या आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आज्यांच्या घरांतून आपण आलो आहोत. या इंग्रज मुलांच्या पट्ट्याला मिठाच्या पुड्या का असतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मालिकेतील ज्या कल्पनेने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले, ती आणखी वेगळी आहे. येथील प्रत्येक भूत कोणत्या तरी वस्तूला बांधलेले असते. ती त्याची हाडे असतील, अंगठी असेल, गळ्यातला दागिना असेल, एखादे खेळणेही असेल. ती वस्तू सापडली, तिच्यावर चांदीची किंवा लोखंडाची जाळी पडली किंवा ती भट्टीत जाळली गेली की भूत नाहीसे होते. त्यामुळे प्रत्येक प्रकरण ही एका परीने घराची झडती असते. या खोलीत कोण राहत होते, काय गमावले होते, काय हातातून सुटत नव्हते, हे मुलांना रात्र संपण्यापूर्वी शोधावे लागते. हा शोध आधी जॉर्ज घेतो, तोही ग्रंथालयात बसून, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून. जॉर्जने पूर्ण वाचन केलेले नसताना लॉकवुड घाईने घरात शिरतो, तेव्हा अनर्थ ओढवतो. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांना एवढे महत्त्व देणारी दुसरी भूतकथा माझ्या वाचनात नाही, आणि संपादक महोदय, ही गोष्ट आपल्याला आवडेल असे वाटते.

पण मी वस्तूंबद्दल सांगत होते. मुंबईत आज चाळीमागून चाळ आणि सोसायटीमागून सोसायटी पुनर्विकासाला जात आहे. ज्या घरांत तीन पिढ्या राहिल्या ती घरे काही आठवड्यांत रिकामी करावी लागतात आणि भाड्याच्या तात्पुरत्या जागेत सगळे मावत नाही. मग वडिलांच्या चष्म्याची डबी, आईचे पितळी स्टोव्हचे झाकण, लवकर गेलेल्या भावाची शाळेची वही, यांतले काय ठेवायचे आणि काय भंगारवाल्याला द्यायचे, यावर घराघरांत रात्री उशिरापर्यंत बसून माणसे ठरवत असतात आणि बऱ्याचदा ठरवू शकत नाहीत. अशा घरातील माणसाने या कादंबऱ्या वाचल्या, तर एका लहानशा वस्तूत एक अख्खा माणूस अडकून राहतो, ही कल्पना त्याला मनोरंजनाच्या पलीकडे घेऊन जाईल. लॉकवुडच्या स्वतःच्या घरातही वरच्या मजल्यावर एक बंद दार आहे. त्यामागे काय आहे ते येथे लिहिणार नाही. ते दार उघडते तेव्हा ज्यांनी घरातले कोणी गमावले आहे, त्यांना या मुलाचा सगळा बेफिकीरपणा, त्याचे झगमगीत हसू आणि संकटात उडी घेण्याची ओढ यांचा अर्थ एका क्षणात कळेल. किशोर वाचकाला लॉकवुड शूर वाटतो. मला त्याची काळजी वाटत राहिली.

कवटीचा उल्लेख केल्याशिवाय ही शिफारस पुरी होणार नाही. चांदीमिश्रित काचेच्या बरणीत कोंडलेली एक कवटी आणि तिला बांधलेले भूत हे या मालिकेतील सर्वांत जिवंत पात्र आहे. बहुतेक भुते एकच दुःख उगाळत राहतात, ही कवटी मात्र संभाषण करते, आणि ते फक्त लूसीला ऐकू येते. ती टोमणे मारते, खोटे बोलते, लूसीचे तिच्या सोबत्यांविषयी कान भरते आणि मधूनच असे एखादे सत्य सांगून जाते की जे लूसीने स्वतःपासूनही लपवलेले असते. चौथ्या भागात लूसी ती बरणी पाठीवरच्या सॅकमध्ये घालून रात्री शहरभर हिंडते, तेव्हा मराठी वाचकाला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही प्रेत प्रश्न विचारते आणि जिवंत माणसाला उत्तर टाळता येत नाही. मृतांना फक्त हाकलून द्यायचे की त्यांचे ऐकून घ्यायचे, हा पाचही भागांतून पुढे सरकत जाणारा प्रश्न या बरणीपाशीच सुरू होतो. लॉकवुड आणि लूसी यांच्यात त्यावरून मतभेद होतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे असे वाटायला लावणे हे लेखकाचे मोठेच यश आहे.

भयाबरोबर घरपणाही या पुस्तकांत भरपूर आहे. स्वयंपाकघरातील टेबलावर एक कापड अंथरलेले असते, त्यावर ही मुले चहा पिता पिता प्रकरणांच्या नोंदी, नकाशे आणि एकमेकांसाठी निरोप लिहीत असतात. कोणी किती डोनट खाल्ले यावरून भांडणे होतात. रात्री मृत्यूच्या दारातून आलेली मुले सकाळी भांडी कोणी घासायची यावर वाद घालतात आणि त्यातून ती एकमेकांची माणसे होतात.

काही उणिवाही सांगायला हव्यात. तिसऱ्या भागात एजन्सीत आलेल्या नव्या मुलीविषयी लूसीला वाटणारा मत्सर गरजेपेक्षा लांबला आहे आणि तेथे प्रौढ वाचकाचा धीर सुटू शकतो. पण नेटाने पुढे जावे, कारण त्याच भागाचा शेवट मालिकेला वेगळ्या वाटेवर नेतो. पहिल्या भागातील खलनायक चाणाक्ष वाचक लवकर ओळखेल. शेवटच्या भागात साऱ्या संकटाचे मूळ उलगडते तेव्हा गती फार वाढते, आणि चार भाग सावकाश जमवलेल्या प्रश्नांना आणखी थोडी उसंत मिळायला हवी होती असे मला वाटते. तरीही ते मूळ कुठे आहे, हे कळल्यावर आधीची चारही पुस्तके नव्याने उघडावीशी वाटतात, आणि प्रौढांच्या जबाबदारीचा जो धागा मी वर मांडला तो लेखकाने शेवटपर्यंत सोडलेला नाही.

या कादंबऱ्यांवर आधारलेली मालिका जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. जो कॉर्निश यांनी ती केली आणि चांगली केली. विशेषतः रूबी स्टोक्स हिने साकारलेली लूसी मनात राहते. परंतु तिच्या आठ भागांत पहिल्या दोन पुस्तकांचाच मजकूर आहे आणि त्यानंतर ती बंद करण्यात आली. ज्यांनी ती पाहिली आणि अर्धवट राहिली म्हणून हळहळले, त्यांनी थेट तिसऱ्या पुस्तकाकडे न जाता पहिल्यापासून वाचावे, कारण लूसीचा आवाज, तिचे स्वतःशी चाललेले बोलणे पडद्यावर पूर्ण उतरणे शक्यच नव्हते.

वाचण्याचा क्रम प्रकाशनाचाच ठेवावा: ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’, ‘द व्हिस्परिंग स्कल’, ‘द हॉलो बॉय’, ‘द क्रीपिंग शॅडो’ आणि ‘द एम्प्टी ग्रेव्ह’. प्रत्येक पुस्तक सुमारे चारशे पानांचे आहे, पण प्रकरणे लहान आणि वेगवान आहेत. इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्यांनीही बिचकू नये. ज्यांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते त्यांना ही भाषा अवघड जाणार नाही, आणि या जगातील भुतांचे प्रकार व शस्त्रे यांची सूची प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दिलेली आहे. पहिले पुस्तक सुरू करताना पहिले प्रकरण एका बैठकीत आणि शक्यतो रात्री वाचावे. ज्यांना ते घर, तो जिना आणि ती दोन मुले पकडून ठेवणार नाहीत, त्यांनी पुस्तक खुशाल परत करावे.

राहिली विनंती, ती आपल्याला आणि शहरातील ग्रंथपालांना. काही वाचनालयांत ही पुस्तके बालविभागात आहेत आणि त्या विभागाकडे प्रौढ सभासद फिरकत नाहीत. एखादा फिरकला तरी ‘मुलासाठी हवे का?’ असे त्याला विचारले जाते. १८९८ पासून या शहराच्या वाचनाचा भार वाहणाऱ्या मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयापासून उपनगरांतील लहान वाचनालयांपर्यंत सर्वांनी अशा पुस्तकांची एक प्रत मोठ्यांच्या कपाटातही, धारप-मतकरींच्या शेजारी, ठेवून पाहावी. आपल्या पुरवणीनेही पुढील यादी करताना किशोर साहित्याचे परीक्षण एखाद्या प्रौढ समीक्षकाकडून, प्रौढ वाचकांसाठी म्हणून, करवून घ्यावे. सुरुवात कोणत्या मालिकेपासून करावी हे आता निराळे सांगत नाही.

आपली नम्र,
एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई